गोधडीच का? कासारवडवलीतल्या एका पिल्लाचं प्रकरण

फोन सुनेने केला होता, पण मला जास्त ऐकू येत होत्या त्या मागून बोलणाऱ्या आजी. "सांग तिला, आज पण माझ्याच गोधडीवर. आणि ते पॅड बघ, कोरडं ठणठणीत!" जून अर्धा सरला होता, पाऊस नुकता लागला होता, आणि सुनेच्या म्हणण्याप्रमाणे घरात आता दोनच वाटा उरल्या होत्या. एक तर पिल्लू परत द्यायचं, नाही तर आजींनी पुण्याला लेकीकडे जाऊन राहायचं.

मी ठाण्यात घरोघरी जाऊन कुत्र्यांच्या सवयींचं काम करते. पिल्लाला पॅडवर, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या डायपरसारख्या चटईवर, सू-शी शिकवणं हे त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. वेळा पाळा, नजर ठेवा, जमलं की शाबासकी द्या, फरशी नीट धुवा, महिन्याभरात घडी बसते. हे प्रकरण लिहून काढतेय ते अशासाठी, की इथे वेळा पाळूनही घडी बसेना, आणि ती का बसेना हे कळायला मला दुसरी खेप करावी लागली. पहिल्या खेपेची चूक माझी होती, हेही आताच सांगून टाकते.

घर कासारवडवलीच्या जरा पुढे, 19व्या मजल्यावर, टू बीएचके. मुलगा वागळे इस्टेटला, सून ऐरोलीला. दोघं साडेआठला बाहेर पडतात आणि घोडबंदर रोड सोडेल तेव्हा घरी येतात. नात सातवीत. दिवसभर घरात दोघीच: 74 वर्षांच्या आजी, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या, आणि चिंगी. चिंगी म्हणजे बीगल जातीची मादी. मी पाहिलं तेव्हा साडेनऊ आठवड्यांची. घरात आली तेव्हा अवघ्या 42 दिवसांची होती.

या 42 दिवसांपाशी थोडं थांबायला हवं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलचे केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत, त्यांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण "चाळीस दिवस झाले, आता न्या" हे विकणाऱ्यांचं वाक्य इतकं रुळलंय की लोकांना तोच नियम वाटतो. याचा सू-शीशी काय संबंध? बराच आहे. जन्मल्यावर पहिले साधारण तीन आठवडे पिल्लाला आपणहून सू-शी होत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि साफही तीच करते. मग पिल्लं डुगडुगत चालायला लागतात आणि झोपायच्या जागेपासून जरा लांब जाऊन बसू लागतात. तेव्हापासून आठ-नऊ आठवड्यांपर्यंत पायाखाली काय लागलं की मोकळं व्हायचं, हे त्यांच्या अंगात मुरत जातं. माती, गवत, वर्तमानपत्र, लादी, रोज जे मिळेल ते. म्हणजे आपण ज्याला कोरी पाटी समजून घरी आणतो, तिच्यावर बरंच काही आधीच गिरवलेलं असतं.

हे सगळं मला पाठ आहे. तरी पहिल्या भेटीत मी विचारलं नाही, की चिंगीच्या पाटीवर काय गिरवलंय.

पहिली खेप

घरात तीन पॅड पसरलेले होते. एक ड्राय बाल्कनीत, एक हॉलमध्ये सोफ्याशेजारी, एक पॅसेजमध्ये. मोठे, 60 बाय 90 सेंटिमीटरचे. सोफ्याशेजारच्या पॅडवर चिंगी झोपायची. पॅसेजमधला तिने फाडून आतले पांढरे दाणे घरभर केले होते. हे दाणे ओलावा शोषून जेलीसारखे फुगतात, पिल्लाच्या पोटात जाणं बरं नाही, खालचं प्लास्टिक तर त्याहून नाही. ड्राय बाल्कनीतल्या पॅडवर कधीमधी काम व्हायचं. बाकी सगळं आजींच्या खोलीत. बुटक्या दिवाणावरची गोधडी, दुपारी खाली टेकायला घातलेली घडीची गोधडी, एकदा देवापुढचं आसन, एकदा नातीची ओढणी.

अशी केस आली की मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे पाठवते. मादी पिल्लांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर ती जागोजागी थेंब थेंब करत फिरतात, आणि माणसं शिकवण्याच्या मागे लागतात. इथे ते झालेलं होतं. तपासणीत काही निघालं नव्हतं, जंतांचं औषध सुरू होतं, दुसरी लस जवळ आली होती.

दुसरं विचारते ते शिक्षेबद्दल. मुलाने खाली बघत कबूल केलं: बिल्डिंगमधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून दोनदा तिचं नाक त्यात घासलं होतं. हा सल्ला ठाण्यात प्रत्येक लिफ्टमध्ये फुकट मिळतो. पिल्लाला त्यातून एवढंच कळतं की माणसाच्या समोर बसणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली, सोफ्यामागे, कुणी नसेल तिथे जाऊन बसतं. आणि आपण त्याला पॅडवर उभं करून समोर डोळे लावून बसतो, तेव्हा ते आपल्यासमोर काही केल्या करत नाही. नाक घासणं त्या दिवसापासून बंद.

मग मी नेहमीचा आराखडा दिला. तीनऐवजी एकच पॅड, ड्राय बाल्कनीत. झोपेतून उठली की, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांनी, खेळून झालं की, आणि अधेमधे दर तासाला तिकडे न्यायचं. एवढ्या पिल्लाचा ठोकताळा असा, की जितके महिने वय त्यात एक मिळवला तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं, म्हणजे हिचे तीन. ती ताणायची हद्द झाली, रोजचं माप नव्हे. घरातलं सगळं मऊ, पाणी शोषणारं उचलून ठेवायचं. आणि लिहून ठेवायचं.

लिहिण्याचं काम आजींनी घेतलं. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत, संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळेखाली, बारीक अक्षरात: "सू पॅ", "सू गो", "शी गो". पॅ म्हणजे पॅड, गो म्हणजे गोधडी. माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या जोडप्यांच्या मोबाइलमधल्या रंगीत तक्त्यांपेक्षा ही नोंद खरी होती, कारण आजी काही लपवत नव्हत्या. आठवड्याने मी तो महिना वाचला. सकाळ-संध्याकाळ, सून घरात असताना, थोडे "पॅ". दुपारभर नुसते "गो". एकूण घडी आधीपेक्षा बिघडलेलीच.

एक कारण तिथल्या तिथे कळलं आणि मला माझीच लाज वाटली. दर तासाला पिल्लू उचलून ड्राय बाल्कनीत न्या, असं मी कुणाला सांगितलं होतं? खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी गुडघे दाबणाऱ्या बाईला. "मी उठेपर्यंत हिचं उरकलेलं असतं," आजी म्हणाल्या. "आणि वाकून उचलू कशी तिला?" त्या घरातला आराखडा साडेआठनंतर फक्त आजींच्या अंगावर पडणार होता आणि मी तो सुनेकडे बघत समजावला होता.

दुसरं कारण आजींच्याच एका वाक्यात होतं. "नातीने तिला शाळेतून आल्यावर नेलं ना पॅडवर, तर पंधरा मिनिटं नुसती हुंगत बसली. धरून ठेवते गं ही. सोडली की तडक गोधडी."

धरून ठेवते. म्हणजे तिला आवरत नाही असं नव्हतं. आवरून ती तिच्या हव्या त्या जागेची वाट बघत होती. आणखी एक गोष्ट मी पहिल्या दिवशी पाहून सोडून दिली होती: दारातलं काथ्याचं पायपुसणं आणि न्हाणीघरापुढचं रबराचं, दोन्ही कोरडी. सोफ्यापुढचा नायलॉनचा जाड गालिचाही कोरडा. "मऊ आणि शोषणारं" एवढंच तिला हवं असतं तर गालिचा सुटला नसता.

लुगडं

मी सुनेला विचारलं, पिल्लू घेण्याआधी विकणाऱ्याने काही व्हिडिओ पाठवला होता का? होता. व्हॉट्सॲपवर अजून होता. फळांच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेला एक खोका, त्यात पाच पिल्लं एकमेकांवर लोळतायत, आणि खाली भरगच्च अंथरलेल्या जुन्या सुती साड्या. एक पिल्लू कोपऱ्यात जाऊन बसतं, पायाखालची साडी गडद होत जाते.

आजींनी चष्मा लावून फोन हातात घेतला. "अगं बाई, हे तर लुगडं आहे."

मग त्यांनी दिवाणावरच्या गोधडीकडे बघितलं. ती त्यांच्या आईने शिवलेली होती, कराडला, घरातल्या जुन्या लुगड्यांची. इतक्या वेळा धुतलेली की कापड मलमलीसारखं झालेलं. गोधडी असतेच तशी: वरून जुनं सुती, आत जुनं सुती, मधे हाताचे टाके. चिंगी तीन आठवडे ज्याच्यावर बसायला शिकली तेच कापड, थरावर थर लावून, आजींच्या खोलीत तिची वाट बघत होतं. आसन सुती. ओढणी सुती. आणि पॅड? वरून गुळगुळीत, पायाला कागद-प्लास्टिकसारखा लागणारा. तिच्या लेखी ती जागा नव्हतीच.

"म्हणजे ही माझ्यावर डूख धरून नाही," आजी म्हणाल्या. हे त्यांच्या मनात इतके दिवस होतं, ते मला तेव्हा कळलं.

यावर उपाय अवघड नाही, चिवटपणाचा आहे. पिल्लाची आवड मोडायची नाही, ती पॅडवर नेऊन ठेवायची आणि हळूहळू खालून काढून घ्यायची. त्यासाठी जुनी सुती साडी लागणार होती. आजींनी आधी ठाम नकार दिला, मग कपाटातून एक विरलेली साडी काढली. "फरशी पुसायला ठेवली होती. ही घे. काठ मात्र मी काढून ठेवणार."

पॅड आता प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसवला, वरून चौकट दाबून बसते तसल्या. त्याने फाडाफाडही थांबली. पॅडवर साडीचा त्याच मापाचा तुकडा, चौकटीत घट्ट. टाचण्या, स्टेपलच्या पिना मुळीच नाहीत, चिंगी सगळं तोंडात घालून बघते. पहिल्या दिवशी तुकड्यावर तिच्याच लघवीने भिजलेला कपडा टेकवला, वासासाठी. आणि ट्रे ड्राय बाल्कनीत ठेवला नाही. आजींच्या खोलीच्या कोपऱ्यात चार बाय पाच फुटांचं जाळीचं कुंपण लावलं. एका टोकाला चिंगीचं अंथरूण, दुसऱ्या टोकाला ट्रे, मधे पाण्याची वाटी. अंथरुणालाही सुती काही नाही, फ्लीसचा तुकडा. पिल्लू सहसा झोपायची जागा घाण करत नाही, तेव्हा उठून चार पावलं टाकली की समोर साडी.

घुंगराची कल्पना आजींची. बेडकाच्या डोळ्याएवढं एक घुंगरू चिंगीच्या पट्ट्याला बांधलं. झोपेतून उठून ती अंग झाडायची, घुंगरू वाजायचं, आणि आजींची डुलकी मोडायची. उठायचं नाही, वाकायचं नाही. खुर्चीत बसूनच बघायचं. तिचं पूर्ण झालं, की लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत, "शाबास चिंगे!" आणि मांडीवरच्या डबीतून तिच्याच जेवणातले दोन दाणे कुंपणात टाकायचे. पूर्ण होण्याआधी बोलायचं नाही. बरीच माणसं आनंदाने मधेच ओरडतात, पिल्लू अर्धवट उठून धावत येतं आणि उरलेलं हॉलमध्ये करतं. भरलेला पॅड उचलायला लांब चिमटा आणि कागदाची पिशवी, तेही संध्याकाळी नातीचं काम.

गोधड्या मात्र जायला हव्या होत्या. पाच आठवडे, बंद कपाटात. हे त्या घरातलं सगळ्यात मोठं मागणं होतं आणि मी ते मागताना चाचरले. आजींना ॲक्रिलिकचं ब्लँकेट घ्यावं लागलं, जून-जुलैच्या उकाड्यात. "घामाने भिजते मी, पण ती भिजवत नाही," असं फोनवर सांगायच्या.

कपाटात ठेवण्याआधी त्या धुवायच्या होत्या, आणि इथे पावसाने पिच्छा पुरवला. आधीच्या आठवड्यांत तीन गोधड्या पुन्हा पुन्हा धुऊन पंख्याखाली वाळत घालून घरभर कुबट वास झाला होता. फरशीवर फिनेल ओतलं जात होतं ते वेगळंच. फिनेलने आपलं नाक फसतं, पिल्लाचं नाही. खालचा लघवीचा वास त्याला तसाच येतो आणि तो सांगतो, इथेच. ब्लीचच्या वाटेला लघवीवर थेट जायचं नाही, त्यातल्या अमोनियाशी मिसळून डोळ्यांत झोंबणारा विषारी वायू होतो. सुनेने पाळीव प्राण्यांच्या दुकानातून लघवीचा वास मुळातून मोडणारं एन्झाइमचं द्रावण आणलं. डाग आधी साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्यायचा, मग द्रावण ओतून सांगितलेला वेळ ओलंच राहू द्यायचं. घाईने पुसलं तर ते काही करत नाही. गोधड्या त्यात भिजवून धुतल्या आणि खालच्या लाँड्रीच्या ड्रायरमध्ये वाळवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला. आवाज एकदम बारीक, जणू कुणी झोपलंय. "केली गं. साडीवर. पॅडवरच्या साडीवर."

कमी करत नेणं

चार दिवस पूर्ण तुकडा. भिजला की बदलायचा, पण आधीचा बोटभर कोपरा नव्यावर ठेवून. मग अर्धा. तोही चालला. मग उत्साहाच्या भरात मुलाने एकदम तळहाताएवढा केला आणि कालनिर्णयवर पुन्हा "गो"ची जागा घेणारा एक नवा शब्द आला: "प.", म्हणजे मुलाचा बाहेर राहिलेला सुती पंचा. एक पायरी मागे, पुन्हा अर्धा, चार दिवस. मग पाव. मग पट्टी. बाविसाव्या दिवशी नुसता पॅड. कुंपणाबाहेर मात्र हॉलमध्ये चुका व्हायच्या, कारण घरी आल्यावर सगळ्यांना ती मोकळी हवी असायची. त्याला माझ्याकडे युक्ती नाही. नुकतीच सू करून आली असेल तर वीस मिनिटं मोकळी, डोळ्यांसमोर, नाही तर कुंपण.

मला नेहमी विचारतात, पॅडची सवय लावलीच कशाला, थेट खाली का नाही नेत? चिंगीच्या बाबतीत उत्तर सोपं होतं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि लसींचे डोस साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात. त्याआधी जिथे सगळी कुत्री येऊन जातात त्या गवतावर पिल्लू ठेवायला मी सांगणार नाही. वर 19वा मजला. लिफ्ट येऊन खाली जाईपर्यंत साडेनऊ आठवड्यांचं पिल्लू थांबत नाही. पण बीगल हे काही जन्मभर पॅडवर ठेवायचं कुत्रं नव्हे. पॅड हा पावसाळ्यापुरता पूल. त्या काळात तिला कडेवर घेऊन रोज खाली न्यायचं, रिक्षा, वॉचमनची शिट्टी, छत्र्या, लहान मुलं सगळं दाखवायचं. तीन ते चौदा आठवडे हा ओळखीपाळखीचा काळ असतो, तो लसीची वाट बघण्यात घालवू नये.

ऑगस्टच्या सुरुवातीला, 17 आठवडे झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ती खाली उतरली. लेप्टोची लसही झालेली होती, कारण पावसात उंदरांच्या मुताचं पाणी कुठल्या डबक्यात आहे हे कोण सांगणार. ओल्या गवतावर चिंगीने पाय उचलून धरले आणि घराकडे तोंड केलं. तीन दिवस हेच. मग नातीने, मला न विचारता, वापरलेला पॅड खाली नेऊन गवतावर पसरला आणि त्यावर साडीची जुनी पट्टी ठेवली. मी सांगितलं असतं तर तेच सांगितलं असतं. आठवडाभरात पट्टी गेली, मग पॅड गेला. रात्रीसाठी आजींच्या खोलीतला ट्रे अजून आहे.

गोधड्या जुलैअखेर परत आल्या, दिवाणावर, घडी करून. चिंगी त्यांवर चढते, हुंगते, गोल फिरून झोपते.

शेवटचा फोन गणपतीच्या आदल्या संध्याकाळचा. मखरामागे लावायला सुनेने पांढरं सुती कापड आणलं होतं, मापायला हॉलभर पसरलं होतं, आणि चिंगी, पाच महिन्यांची, दीड महिना घरात एकही चूक न केलेली, शांतपणे मधोमध जाऊन बसली. आजी हसत होत्या. "देव उद्या यायचे होते म्हणून बरं." मुलगा त्याच पावली जांभळी नाक्याला जाऊन सॅटिनचं कापड घेऊन आला. त्याच्याकडे चिंगीने ढुंकूनही पाहिलं नाही.